रीति आणि भीति

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांत दोन प्रकारच्या पुस्तकांकडे अजूनहि कांहींसें खालच्या नजरेनें पाहिलें जातें. पहिला प्रकार रीतिरिवाजांच्या कादंबऱ्यांचा. कोण कोणाच्या भेटीस गेलें, नृत्याच्या वेळीं कोणास कोणीं विचारलें नाहीं, कोणाचें उत्पन्न किती आणि अखेर कोणाचें लग्न कोणाशीं झालें, एवढाच ज्यांचा विषय असें आपण समजतों, त्या या कादंबऱ्या. दुसरा प्रकार भयाद्भुत कादंबऱ्यांचा. त्यांत पडके किल्ले, भुयारें, विझणाऱ्या मेणबत्त्या आणि प्रेतें. पहिला प्रकार बायकांच्या विरंगुळ्याचा व दुसरा पोरांच्या, अशी वांटणी करून देऊन, जाणत्या माणसानें चरित्र, इतिहास किंवा तत्त्वज्ञान हातीं धरावें, हा उपदेश वडीलधाऱ्यांच्या तोंडून कोणीं ऐकला नाहीं? या लेखांत आम्हांस या दोन्ही प्रकारांची शिफारस करावयाची आहे, आणि तीहि प्रौढ वाचकांसच. या दोघी एकाच घरांत वाढलेल्या बहिणी आहेत, आणि दोघींस सांगावयाची गोष्टहि बव्हंशीं एकच आहे, असें त्यांचा इतिहास पाहतां आमचें मत झालें आहे.

'प्रौढांसाठीं' हे शब्द हल्लीं चावटपणाच्या किंवा रक्तपाताच्या पुस्तकांवर छापलेले दिसतात. आम्ही ते त्या अर्थानें वापरीत नाहीं. घर, मिळकत, लग्न आणि वारसा यांचे व्यवहार ज्यानें एकदां तरी जवळून पाहिले, मृत्युपत्र वाचलें जात असतां भोंवतीं बसलेल्या मंडळींचे चेहरे ज्यानें न्याहाळले, तो आमच्या मतें प्रौढ वाचक. या दोन प्रकारच्या कादंबऱ्यांचा खरा रस त्यालाच कळतो.

इंग्रजी भयाद्भुत कादंबरीचा जन्म एका हौशी गृहस्थाच्या घरीं झाला. इंग्लंडचा मुख्य प्रधान सर रॉबर्ट वॉल्पोल याचा धाकटा मुलगा हॉरेस यानें लंडनजवळ ट्विकनहॅम येथें स्ट्रॉबेरी हिल नांवाचें एक साधें घर घेतलें, आणि त्यास मध्ययुगीन धाटणीचे मनोरे, कमानी व रंगीत कांचांच्या खिडक्या जोडून त्याचा एक लहानसा किल्ला करून टाकला. त्या घरांत एके रात्रीं स्वप्नांत त्यास जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला प्रचंड हात दिसला, आणि त्यावरून त्यानें 'कॅसल ऑफ ऑट्रँटो' ही कादंबरी लिहिली. १७६४ च्या डिसेंबरांत ती प्रसिद्ध झाली, पण तीवर आपलें नांव घालण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. एका जुन्या कॅथोलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलेल्या, १५२९ सालीं नेपल्स येथें छापलेल्या इटालियन पुस्तकाचें हें भाषांतर आहे, अशी थाप त्यानें खुशाल ठोकून दिली. लोकांस पुस्तक आवडलें असें दिसतांच पुढील वर्षींच्या आवृत्तींत त्यानें कर्तेपण कबूल केलें, आणि जुन्या अद्भुतकथेचा व नव्या, खऱ्या माणसांच्या कथेचा मिलाफ करण्याचा आपला हेतु होता असें सांगितलें.

आज ही कादंबरी वाचतांना हंसूं येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. लग्नाच्या दिवशीं राजपुत्रावर आकाशांतून एक डोंगराएवढें शिरस्त्राण पडतें आणि तो चिरडून मरतो, अशी तर सुरुवातच आहे. पण पुढें काय होतें तें पाहावें. मृत मुलाचा बाप मॅन्फ्रेड हा शोक करीत बसत नाहीं. वंश बुडतो या धास्तीनें तो आपल्या साध्वी पत्नीस टाकावयास निघतो आणि मुलाच्या नियोजित वधूलाच आपल्याशीं लग्न कर म्हणून धरूं पाहतो. ती मुलगी भुयारांतून पळते. भयकथेंतील सर्व भुयारांचें हें पहिलें भुयार. आणि तें भुताच्या भीतीनें नव्हे, तर एका नको असलेल्या लग्नाच्या भीतीनें उघडलें आहे. शेवटीं निष्पन्न काय होतें? मॅन्फ्रेडच्या आजोबानें मूळ धन्यास विष घालून खोट्या मृत्युपत्राच्या जोरावर हा किल्ला बळकावला होता. शिरस्त्राण, हलणारीं चित्रें, चिलखती हात हा सारा थाट कशासाठीं, तर एका बनावट दस्तऐवजाचा निकाल लावण्यासाठीं!

हा धागा एकदां हातीं लागला म्हणजे पुढील इतिहास सोपा होतो. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें लग्न होतांच स्त्रीची जंगम मिळकत नवऱ्याची होई, आणि जमिनीचें उत्पन्नहि त्याच्याच हातीं जाई. लग्नापूर्वीं वकिलांकरवीं वेगळा करारनामा करून ठेवला असेल तरच तिचें कांहीं तिच्याकडे राही. ही स्थिति १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं पालटली. तोंपर्यंत इंग्लंडांतील प्रत्येक विवाहयोग्य मुलीच्या पुढें एकच प्रश्न उभा होता: ज्याच्या घरांत आपण पाऊल टाकणार तो मनुष्य कसा निघेल? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास एक कादंबरी दिवाणखान्यांत बसली आणि दुसरी तळघरांत उतरली.

तळघरांत उतरणाऱ्या लेखिकांत ॲन रॅडक्लिफ ही सर्वांत श्रेष्ठ. 'ऑट्रँटो' ज्या वर्षीं बाहेर पडली त्याच वर्षीं, १७६४ सालीं, हिचा जन्म. नवरा वृत्तपत्राच्या धंद्यांतला, मूलबाळ नाहीं, स्वभाव अतिशय संकोची. इटलीच्या पर्वतांचीं जीं वर्णनें वाचून इंग्लंड वेडें झालें तीं तिनें इटली डोळ्यांनीं न पाहतांच लिहिलीं. १७९४ सालीं निघालेल्या तिच्या 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' या चार भागांच्या कादंबरीस प्रकाशकानें पांचशें पौंड दिले, आणि तीन वर्षांनीं 'द इटालियन' या कादंबरीस आठशें. त्या काळीं कादंबरीस इतका मोबदला मिळणें ही मोठीच नवलाची गोष्ट होती.

'उडॉल्फो'चें नांव काढलें कीं लोकांस आठवतो तो काळा पडदा. एमिली नांवाची पोरकी मुलगी किल्ल्यांतील एका चौकटीवरील तो पडदा दूर सारते आणि बेशुद्ध होऊन पडते. पडद्यामागें काय होतें तें वाचकांस शेंकडों पृष्ठें कळत नाहीं. आणि कळतें तेव्हां तो निघतो एक मेणाचा पुतळा. या उलगड्यानें अनेकांची निराशा झाली आहे. आमची झाली नाहीं, कारण आमच्या मतें त्या किल्ल्यांतील खरी भयंकर वस्तु पडद्यामागें नाहींच. ती दिवसाढवळ्या मेजावर पडली आहे. ती म्हणजे सहीसाठीं पुढें केलेला एक कागद. किल्ल्याचा धनी मॉन्टोनी यानें एमिलीच्या आत्येशीं लग्न केलें तें तिच्या मिळकतीवर डोळा ठेवून. ती मिळकत लिहून देण्यास ती नकार देते, म्हणून तो तिला मनोऱ्यांत कोंडतो आणि अखेर ती मरते. मग तोच कागद तो भाचीपुढें ठेवतो. हा मनुष्य राक्षस नाहीं. कर्जबाजारी, जुगारी, चारचौघांत रुबाबदार दिसणारा नवरा, एवढीच त्याची ओळख. असें दार्शनिक ज्यांनीं आपल्या भोंवतालीं पाहिलें आहे त्यांस मेणाच्या पुतळ्याची जरुरी नाहीं.

याच सुमारास निघालेल्या 'द मंक' या कादंबरीचें नांव येथें घेणें भाग आहे, कारण 'प्रौढांसाठीं' म्हणून ती नेहमीं पुढें केली जाते. मॅथ्यू लुईस यानें ती विशीच्या आंत लिहिली आणि १७९६ सालीं छापली. तींत सैतान आहे, व्यभिचार आहे, खून आहे. ओरड इतकी झाली कीं पुढें पार्लमेंटाचा सभासद झालेल्या या लेखकास आपल्याच पुस्तकाची सोंवळी आवृत्ति काढावी लागली. आम्हांस ती कादंबरी प्रौढ न वाटतां पोरसवदाच वाटते. तींत दाखवावयाचें कांहीं शिल्लक ठेवलेलें नाहीं. मिसेस रॅडक्लिफ यांच्या मागें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यांनीं धास्ती आणि किळस यांत भेद केला आहे: धास्तीनें मन विस्तारतें व जागें होतें, किळशीनें तें आकसतें व गोठतें. लुईसबद्दल यापेक्षां अधिक लिहिण्याचें कारण उरत नाहीं.

या कादंबऱ्या विकत घेणारे लोक थोडे. वर्गणी भरून पुस्तकें नेण्याचीं ग्रंथालयें त्या काळीं गांवोगांव निघालीं होतीं, आणि त्यांस माल पुरविणारा लंडनचा विल्यम लेन याचा मिनर्व्हा छापखाना भयकथांचा कारखानाच बनला होता. या ग्रंथालयांतून भयकथा आणून त्यांवर मनसोक्त जागणाऱ्या वाचकांत हँपशरमधील एका खेड्यांतल्या धर्मोपदेशकाचें कुटुंबहि असावें असें त्यांच्या मुलीच्या लेखनावरून उघड दिसतें. त्या मुलीचें नांव जेन ऑस्टेन.

जेन ऑस्टेन हिनें भयकथेची थट्टा केली, असें क्रमिक पुस्तकांत सांगतात. तें खरें आहे, पण अर्धेंच. ज्या कादंबरींत ही थट्टा आहे तिची हकीकतच एका लहानशा भयकथेसारखी आहे. 'सूझन' या नांवानें लिहिलेलें तें हस्तलिखित १८०३ सालीं लंडनच्या एका प्रकाशकानें दहा पौंडांस घेतलें. 'उडॉल्फो'च्या किंमतीचा पन्नासावा हिस्सा. घेतलें आणि छापलेंच नाहीं. सहा वर्षांनीं तिनें टोपणनांवानें विचारणा केली, तेव्हां उत्तर आलें कीं, हवें तर दहा पौंड भरून परत न्यावें, मात्र दुसरीकडे छापल्यास दावा लावूं. दहा पौंड त्या वेळीं तिच्याजवळ कोठचे! १८१६ सालीं तिच्या भावानें तें सोडवून आणलें. १८१७ च्या जुलैंत ती वारली, आणि डिसेंबरांत तें 'नॉर्दँगर ॲबी' या नांवानें बाहेर आलें.

त्यांत सतरा वर्षांची कॅथरीन मोर्लंड बाथ शहरीं जाते, भयकथांचें वेड लावून घेते आणि मग जनरल टिल्नी नांवाच्या श्रीमंत गृहस्थाच्या जुन्या मठवजा वाड्यांत पाहुणी म्हणून राहते. तिची मैत्रीण तिला वाचावयास ज्या सात भयंकर कादंबऱ्या सुचविते त्यांचीं नांवें इतकीं चमत्कारिक आहेत कीं तीं लेखिकेनेंच रचलीं असावींत असा पुष्कळांचा समज होता. १९२७ सालीं मायकेल सॅडलीर यानें त्या सातहि खऱ्याखुऱ्या कादंबऱ्यांची सविस्तर हकीकत छापली. त्यांतल्या सहा मिनर्व्हा छापखान्याच्या. असो. वाड्यांत कॅथरीन मोठ्या धडधडत्या छातीनें एक पेटी उघडते, तींत निघतो पांढरा सुती पलंगपोस. वादळी रात्रीं कपाटांत कागदांची गुंडाळी सांपडते, मेणबत्ती विझते, रात्र थरथरत जाते, आणि सकाळीं पाहते तों ती परटाच्या हिशेबाची यादी! पुढें जनरलनें आपल्या बायकोस मारलें असावें असा संशय ती घेते आणि त्याच्या मुलाकडून, म्हणजे ज्याच्यावर तिचें मन बसलें आहे त्याच्याकडूनच, चांगली बोलणी खाते.

येथपर्यंत थट्टा. पण कादंबरी येथें संपत नाहीं. कॅथरीन मोठ्या मिळकतीची मालकीण आहे या कोणा वाचाळाच्या बोलण्यावर विसंबून जनरलनें तिला इतक्या अगत्यानें घरीं आणलें होतें. ती तशी नाहीं असें कळतांच तो एके रात्रीं निरोप धाडतो, आणि दुसऱ्या दिवशीं भल्या सकाळीं ती मुलगी, बरोबर गडीमाणूस नाहीं, घरीं कळविलेलें नाहीं, हातांत पुरेसे पैसेहि नाहींत, अशी सत्तर मैलांच्या प्रवासास बाहेर काढली जाते. जनरलच्या मुलीनें आपल्या जवळचे पैसे दिले म्हणून ती घरीं पोंचली. तेव्हां तिच्या मनांत येतें कीं, आपण या मनुष्याबद्दल फारसें वाईट चिंतिलें होतें असें नाहीं. थट्टेची सुरी येथें उलटी फिरते. तळघरांत प्रेत नव्हतें हें खरें. पण मॉन्टोनी मात्र जेवणाच्या मेजाच्या अग्रस्थानीं बसलेला होता.

एकदां हें ध्यानांत आलें म्हणजे तिच्या इतर कादंबऱ्याहि निराळ्या दिसूं लागतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील बेनेटबाईंच्या लग्नविषयक बडबडीस सर्व जग हंसतें. पण बाप मरतांच राहतें घर एका दूरच्या नातलगाकडे जाणार आणि पांच मुलींस रस्ता धरावा लागणार, हें त्या घरांत त्या बाईखेरीज कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चें दुसरें प्रकरण! मरणोन्मुख बापास वचन दिल्याप्रमाणें जॉन डॅशवुड आपल्या सावत्र बहिणींस तीन हजार पौंड द्यावयाचें मनांत आणतो. बायकोशीं बोलतां बोलतां त्याचे दीड हजार होतात, मग दीड हजारांचें वार्षिक शंभर, मग शंभराचे अधूनमधून पन्नास, आणि शेवटीं हंगामांत थोडी मासळी व शिकार धाडली म्हणजे पुरे असें ठरतें. कोणी आवाज चढवीत नाहीं. दोघांसहि आपण न्यायानेंच वागत आहों याबद्दल पुरी खात्री आहे. मॉन्टोनीस मनोरा लागला, यांस दोन खुर्च्या पुरल्या.

'नॉर्दँगर ॲबी' नंतर एक महिनाहि गेला नाहीं तोंच, १८१८ च्या आरंभीं, मेरी शेलीची 'फ्रँकेस्टाइन' निघाली. ती सर्वांस ठाऊक आहे. तिच्याच जोडीनें १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकांठीं जी दुसरी गोष्ट उगवली ती मात्र कमी वाचली जाते. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याची 'द व्हँपायर' ही १८१९ सालीं एका मासिकांत आली, तीहि चुकून बायरनच्या नांवावर. तोंपर्यंत रक्त पिणारें भूत म्हणजे खेडुतांच्या थडग्यांतून उठणारें ओंगळ प्रेत. पोलिडोरीनें त्यास उमराव केलें आणि लंडनच्या मेजवान्यांत आणून बसविलें. त्याचा लॉर्ड रूथ्व्हेन मरतेवेळीं तरुण ऑब्रीकडून शपथ घेतो कीं, वर्षभर आणि एक दिवस माझ्याविषयीं कांहीं बोलावयाचें नाहीं. पुढें तोच रूथ्व्हेन जिवंत होऊन ऑब्रीच्या बहिणीस मागणी घालतो. आणि हा सभ्य गृहस्थ, शब्द दिला म्हणून, मुदत संपेपर्यंत तोंड उघडूं शकत नाहीं. लोक त्यास वेडा ठरवितात. भूत तिचा प्राण घेतें, पण त्याला दार उघडून देते ती सभ्यता. रीति आणि भीति यांची गांठ इतकी घट्ट आम्हीं दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

पुढील शतकाचा पट आम्ही भरभर उलटतों. १८४७ सालीं ब्राँटे भगिनींनीं पोटमाळ्यावरची वेडी बायको आणि खिडकीवर थाप देणारें लहान मुलीचें भूत दिलें. १८६४ सालीं ल फॅन्यूच्या 'अंकल सायलस'मध्यें वयांत येण्यापूर्वीं पुतणी मेली तर मिळकत काकाची, हें एक कलम साऱ्या कादंबरीस पुरलें. १८९८ सालच्या हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्यें मुलांची शिक्षिका भुतें पाहते कीं नाहीं यावर पंडितांचें भांडण अद्याप मिटलेलें नाहीं. आमचें लक्ष मात्र तिच्या नोकरीच्या अटीकडे जातें: कांहींहि झालें तरी धन्यास कळवावयाचें नाहीं.

आपल्याकडे या दोन बहिणींची ताटातूट लवकर झाली. 'मुक्तामाला' (१८६१) व 'मंजुघोषा' (१८६८) यांचें अद्भुत एकीकडे राहिलें, आणि हरि नारायण आपट्यांनीं 'करमणूक' पत्रांतून संसाराचें चित्र दुसरीकडे काढावयास घेतलें. परंतु 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी पुन्हां एकदां या दृष्टीनें वाचावी. भूत नाहीं, किल्ला नाहीं. माजघर आहे, सासर आहे, चार शिष्ट माणसें आहेत. आणि तरीहि यमूच्या केशवपनाचा प्रसंग जवळ येऊं लागतो तेव्हां वाचकाच्या अंगावर जो कांटा येतो तो 'उडॉल्फो'च्या कोणत्याहि पृष्ठावर येत नाहीं.

विसाव्या शतकांतील दोन पुस्तकें आणि एक अलीकडचें, एवढ्यांची शिफारस करून हा लेख आटोपतों. डॅफ्ने द्यू मोरिए हिच्या 'रेबेका'ची (१९३८) प्रेमकथा म्हणून गणना होते. निनांवी नवी नवरी, मोठा वाडा, पहिल्या बायकोच्या आठवणी आणि कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. नवरीच्या हातून एक चिनी मातीची लहान मूर्ति फुटते आणि घरची मालकीण असूनहि ती तुकडे खणांत लपविते. आळ येतो तो गड्यावर. भय कशास म्हणतात हें त्या खणांत दिसतें. दुसरें शर्ली जॅक्सन हिचें 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ड इन द कॅसल' (१९६२): विषप्रयोगांतून वांचलेल्या दोघी बहिणी, आजारी काका, आणि घराबाहेरचा सारा गांव.

तिसरें सुझॅना क्लार्क हिचें 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल'. लेखिकेनें त्यावर दहाएक वर्षें घालविलीं आणि २००४ सालीं तें निघालें. भाषा ऑस्टेनची, काळ नेपोलियनच्या युद्धांचा, आणि विषय इंग्लंडांतील जादूविद्येचें पुनरुज्जीवन. मिस्टर नॉरेल हा ग्रंथांत बुडालेला, रुक्ष जादूगार एका मंत्र्याची मर्जी संपादण्यासाठीं त्याची मृत वाग्दत्त वधू जिवंत करतो. त्याबद्दल एका यक्षास तिचें अर्धें आयुष्य देतो. नॉरेल समजतो कीं यक्ष उत्तरार्ध घेईल. यक्ष प्रत्येक रात्र घेतो. रोज रात्रीं ती त्याच्या उजाड महालांत नाचते, दिवसां निस्त्राण पडून राहते, आणि कोणास सांगूं गेली तर तोंडून भलतीच कांहीं असंबद्ध गोष्ट बाहेर पडते. नवरा, डॉक्टर, मैत्रिणी, सर्वांनीं ठरविलें कीं, बाईची प्रकृति नाजूक आहे. तिच्याइतकाच बांधलेला आणखी एक मनुष्य त्या घरांत आहे, काळा खानसामा स्टीफन. तोहि बोलूं शकत नाहीं, आणि त्याची तर चौकशीहि कोणी करीत नाहीं.

आठशें पृष्ठांचें हें पुस्तक सावकाश वाचण्याचें आहे, आणि त्यांतील तळटिपा गाळूं नयेत. 'उडॉल्फो'मधील कविता गाळल्या तरी चालतील. ज्यांस वेळ थोडा आहे त्यांनीं पोलिडोरीची गोष्ट घ्यावी, ती एका बैठकींत संपते. आणि ज्यांस कुटुंबांत एकत्र वाचण्यासाठीं कांहीं हवें असेल त्यांनीं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चें तें दुसरें प्रकरण एखाद्या संध्याकाळीं मोठ्यानें वाचावें, आणि तीन हजारांचा आंकडा खालीं येत असतां घरची मंडळी कोठें हंसतात व कोठें गप्प होतात, तें पाहावें.